खाड्यांचा हिशेब मांडणारा प्राध्यापक : एडिनबरा आणि अ‍ॅडम स्मिथ

एडिनबराच्या रॉयल माइलवरून चालताना सेंट जाइल्स चर्चजवळ एक उंच पुतळा लागतो. २००८ च्या जुलैमध्ये तो बसवला गेला. अंगावर अठराव्या शतकातला पोशाख आणि चेहरा गंभीर. पर्यटक त्याच्यासमोर छायाचित्र काढतात आणि पुढे किल्ल्याकडे निघून जातात. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला आज नगरपालिकेची कचेरी असलेली जी भव्य इमारत आहे, तिला पूर्वी रॉयल एक्सचेंज म्हणत. त्याच इमारतीत अ‍ॅडम स्मिथ यांनी आयुष्याची शेवटची बारा वर्षे जकातखात्याचे आयुक्त म्हणून नोकरी केली. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी ते येत, कागदांवर सह्या करत आणि घरी जात. ‘अदृश्य हाता’ची उपमा त्यांच्या नावाला कायमची चिकटली आहे, प्रत्यक्षात ‘द वेल्थ ऑफ नेशन्स’ या त्यांच्या प्रचंड ग्रंथात ती एकदाच येते. याउलट मजुरी कशी ठरते, कामगार कामावर का येत नाही, आला तर जीव तोडून का राबतो आणि मग तीन दिवस घरी का बसतो, या प्रश्नांवर स्मिथ यांनी पानेच्या पाने खर्ची घातली. त्या पानांची आठवण मात्र फार थोड्यांना असते.

स्मिथ यांचा जन्म १७२३ मधला, एडिनबरासमोरच्या खाडीपलीकडे फाइफ परगण्यातल्या कर्कॉडी या बंदराच्या गावी. वडीलही जकातखात्यातच होते, पण मुलाच्या जन्माआधी काही महिने ते वारले. आई मार्गारेट डग्लस हिने एकटीने मुलाला वाढवले आणि पुढे साठ वर्षे आईचे घर हेच स्मिथ यांचे घर राहिले. त्यांनी लग्न केले नाही. प्रकृती नाजूक, स्वभाव विसरभोळा आणि एकट्यानेच पुटपुटत चालायची सवय. तीनेक वर्षांचे असताना त्यांना भटक्या टोळीने पळवून नेले होते आणि लगोलग सोडवून आणले गेले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेपलीकडे तिला फारसे महत्त्व नाही.

महत्त्व आहे ते त्या किनाऱ्याला. फाइफ आणि एडिनबराच्या आसपासच्या लोदियन भागात कोळशाच्या खाणी होत्या आणि त्या कोळशावर समुद्राचे पाणी आटवून मीठ काढण्याच्या भट्ट्या चालत. या खाणींतले आणि मिठागरांतले कामगार स्वतंत्र नव्हते. १६०६ सालच्या स्कॉटिश कायद्याने त्यांना मालकाशी बांधून टाकले होते. जुन्या धन्याच्या दाखल्याशिवाय त्यांना कोणी कामावर ठेवू शकत नसे. परवानगीवाचून निघून जाणारा कामगार चोर समजला जाई, जणू त्याने आपलेच शरीर मालकाच्या ताब्यातून चोरून नेले होते. खाण विकली गेली की माणसेही तिच्याबरोबर नव्या मालकाकडे जात. गैरहजेरी ही चोरी, असे सरळ कायद्यानेच ठरवून टाकलेल्या प्रदेशात हा मुलगा लहानाचा मोठा झाला.

चौदाव्या वर्षी, १७३७ मध्ये, स्मिथ ग्लासगो विद्यापीठात दाखल झाले. तिथे फ्रान्सिस हचेसन यांच्यासारखा मनापासून शिकवणारा गुरू लाभला. १७४० मध्ये शिष्यवृत्ती घेऊन ते ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजात गेले आणि सहा वर्षे तिथे राहिले. ऑक्सफर्डचा त्यांचा अनुभव वाचला की आजच्या काही संस्थांतला प्राध्यापकवर्ग डोळ्यांसमोर येतो. तिथल्या बहुतेक प्राध्यापकांनी शिकवण्याचे सोंग करणेही कित्येक वर्षांपासून सोडून दिले होते. वेतन देणग्यांतून ठरलेले, ते वर्गात गेले तरी मिळणार आणि न गेले तरी मिळणार. वर देखरेख करणारे तेच, त्यामुळे एकमेकांच्या खाड्यांकडे सारेच कानाडोळा करत. ग्लासगोत मात्र विद्यार्थी आपली फी थेट प्राध्यापकाच्या हातात देत. वर्ग ओस पडला की प्राध्यापकाच्या घरात ते जाणवे. एका विद्यापीठात शिक्षक हजर आणि दुसऱ्यात गायब, यामागे स्कॉटिश माणसाचे शील आणि इंग्रज माणसाचा आळस असा काही प्रकार नाही; पगार देण्याची रीत वेगळी म्हणून वागणूक वेगळी, हा निष्कर्ष त्यांनी पुढे तीस वर्षांनी ग्रंथात मांडला. त्याचे बीज मात्र बॅलिओलच्या रिकाम्या वर्गांत पडले असावे.

१७४६ मध्ये स्मिथ घरी परतले. हाती नोकरी नव्हती. दोन वर्षांनी एडिनबरात लॉर्ड केम्स आणि इतर काही मंडळींच्या पाठबळावर त्यांनी सार्वजनिक व्याख्याने सुरू केली, आधी वक्तृत्व व साहित्य या विषयांवर आणि नंतर न्यायशास्त्रावर. विद्यापीठाचा आधार नाही, ठरलेला पगार नाही; ऐकायला लोक आले तरच मिळकत. तरीही वर्षाला शंभर पौंडांहून अधिक प्राप्ती होऊ लागली. याच सुमारास डेव्हिड ह्यूम यांच्याशी मैत्री जुळली आणि ती ह्यूम यांच्या अखेरीपर्यंत टिकली. या व्याख्यानांच्या जोरावर १७५१ मध्ये ग्लासगोत तर्कशास्त्राचे आणि पुढच्याच वर्षी नीतिशास्त्राचे अध्यासन त्यांना मिळाले. अर्थशास्त्र नावाचा स्वतंत्र विषय तेव्हा कोणत्याही ब्रिटिश विद्यापीठात नव्हता. जे काही होते ते नीतिशास्त्र आणि न्यायशास्त्र यांच्या पोटातच शिकवले जाई. एडिनबरा विद्यापीठात अर्थशास्त्राचे स्वतंत्र अध्यासन यायला १८७१ साल उजाडावे लागले.

ग्लासगोतल्या तेरा वर्षांना स्मिथ पुढे आयुष्यातला सर्वांत उपयुक्त आणि म्हणून सर्वांत सुखाचा काळ मानत. सकाळी साडेसातला त्यांचे व्याख्यान असे. १७५९ मध्ये ‘द थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स’ प्रसिद्ध झाले आणि नाव युरोपभर गेले. त्यांच्या न्यायशास्त्राच्या व्याख्यानांची विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेली टिपणे पुढे सापडली, एक वही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि दुसरी १९५८ मध्ये. या वह्यांत खाणकामगारांचा विषय येतो आणि तिथे श्रमबाजाराचा अभ्यासक म्हणून स्मिथ प्रथम स्पष्ट दिसतात.

त्यांनी मांडलेला हिशेब असा. स्कॉटलंडमध्ये साध्या मजुराला दिवसाला सहा ते आठ पेन्स मिळत. बांधील खाणकामगाराला मात्र अर्धा क्राउन, म्हणजे तीस पेन्स मिळत. सीमेपलीकडे न्यूकॅसलमध्ये खाणकामगार स्वतंत्र होता आणि त्याची मजुरी दहा पेन्स ते एक शिलिंग, म्हणजे फार तर बारा पेन्स होती. व्यवहारी माणूस म्हणेल की तीस पेन्स सोडून बारा पेन्सांकडे कोण जाईल? पण स्कॉटिश खाणकामगार संधी मिळताच पळत ते न्यूकॅसललाच. निम्म्याहून कमी पैशांत ते जे विकत घेत होते ते स्वातंत्र्य होते. आणि ज्या मालकाला वाटत होते की माणसे बांधून ठेवल्याने आपला फायदा होतो, तो प्रत्यक्षात कित्येक पट मजुरी मोजत होता. कारण ज्या धंद्यात शिरले की पिढ्यान्‌पिढ्या सुटका नाही, त्या धंद्यात आपणहून शिरायला कोणी तयार नव्हते. पळून जाणाऱ्याला चोर ठरवणाऱ्या कायद्याचा हा आर्थिक पंचनामा होता आणि तो मजुरांच्या सभेत नव्हे, तर जमीनदार व व्यापारी घरांतल्या मुलांसमोर वर्गात होत होता. १७७५ मध्ये संसदेने ही बांधिलकी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला. पूर्ण सुटका १७९९ मध्ये झाली, स्मिथ यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी.

१७६३ मध्ये त्यांना वेगळेच बोलावणे आले. तरुण ड्यूक ऑफ बक्लू याच्याबरोबर शिक्षक म्हणून फ्रान्सला जायचे; वर्षाला तीनशे पौंड आणि नंतर तेवढेच आजन्म निवृत्तिवेतन. प्राध्यापकी सोडणे आले आणि तेही सत्र अर्ध्यावर असताना. इथे जे घडले ते त्यांच्या सिद्धान्ताशी ताडून पाहण्यासारखे आहे. राहिलेली व्याख्याने दुसऱ्याकडून पुरी करून घेण्याची त्यांनी तजवीज केली. शेवटच्या तासाला विद्यार्थ्यांची फी पुड्यांत बांधून आणली आणि एकेकाला नावाने हाक मारून परत करू लागले. मुले घेईनात, आम्हाला जे मिळाले ते पैशांहून अधिक आहे, असे त्यांचे म्हणणे. स्मिथ ऐकेनात. पहिल्याच मुलाचा कोट धरून त्यांनी पुडी त्याच्या खिशात कोंबली, तेव्हा बाकीच्यांनी निमूट हात पुढे केले. कामावर न येणाऱ्या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांना पगार बुडत नव्हता. ग्लासगोच्या या प्राध्यापकाने आपल्या होऊ घातलेल्या खाड्यांचे पैसे आधीच चुकते केले.

तुलूज, जिनिव्हा, पॅरिस असा अडीच वर्षांचा प्रवास झाला. व्हॉल्टेअर, तुर्गो, केने यांच्या भेटी झाल्या. पॅरिसमध्ये ड्यूकचा धाकटा भाऊ आजारी पडून वारला आणि १७६६ च्या अखेरीस मंडळी परतली. त्यानंतर सहा वर्षे कर्कॉडीत आईजवळ राहून आणि तीन वर्षे लंडनमध्ये घालवून ९ मार्च १७७६ रोजी ‘द वेल्थ ऑफ नेशन्स’ बाहेर पडले. ह्यूम यांनी ते वाचले, आनंद कळवला आणि त्याच ऑगस्टमध्ये एडिनबरात त्यांचे निधन झाले.

ग्रंथाचा पहिला भाग टाचण्यांच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध आहे. दहा माणसे कामे वाटून घेऊन दिवसाला अठ्ठेचाळीस हजार टाचण्या करतात, हे उदाहरण शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु आठवे प्रकरण मजुरीचे आहे आणि ते या ग्रंथाचे हृदय म्हणावे इतके जिवंत आहे. मालक आणि मजूर समोरासमोर बसले की पारडे कोणाचे जड, हा स्मिथ यांचा पहिला प्रश्न. मालक संख्येने थोडे, त्यामुळे त्यांची एकी सहज होते, आणि ती गाजावाजा न करता सदैव चालूच असते. कायदाही तिच्या आड येत नाही. मजुरांनी एकी केली की मात्र कायदा उभा राहतो. काम बंद पडले तर मालक साठवणीवर वर्ष-दोन वर्षे काढील. मजुरांपैकी अनेकांना आठवडा निघणार नाही, महिना थोड्यांनाच निघेल आणि वर्ष बहुधा कोणालाच नाही. अलीकडचे अर्थशास्त्र ज्याला सौदाशक्ती म्हणते, तिचे इतके स्वच्छ वर्णन आधी कोणी केले नव्हते.

त्यापुढे आकडे येतात. लंडनमध्ये साध्या मजुरीचा दर दिवसाला अठरा पेन्स, शहरापासून काही मैलांवर चौदा-पंधरा. एडिनबरात आणि आसपास दहा, तिथून काही मैल दूर गेले की आठ. धान्याच्या किंवा कापडाच्या भावात एवढी तफावत असती तर व्यापाऱ्यांनी राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला माल नेऊन ती केव्हाच बुजवली असती. माणूस मात्र जास्त मजुरीच्या गावी तसा उचलून नेता येत नाही. त्याला घर असते, भाषा असते, म्हातारी आई असते. आणि पुष्कळदा कायदाही आडवा येतो. इंग्लंडमध्ये १६६२ च्या कायद्याने नव्याने आलेल्या गरिबाला, तो उद्या परगण्यावर भार होईल या नुसत्या शंकेवरून, मूळ गावी परत पाठवता येत असे. त्याने कोणताही गुन्हा केलेला नसला तरी. स्मिथ एरवी संयमाने लिहितात, पण या कायद्यावर ते सरळ तुटून पडले. व्हिसाच्या नूतनीकरणाची तारीख ज्यांच्या घरच्या कॅलेंडरवर लाल वर्तुळात असते, त्यांना ही पाने जुनी वाटणार नाहीत.

आता खाड्यांविषयी. अठराव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये कारागिरांची सोमवारी कामावर न जाण्याची प्रथा इतकी रुळलेली होती की तिला थट्टेने ‘सेंट मंडे’ म्हणत, जणू तो एखाद्या संताचा सणच. मालकांची, पाद्र्यांची आणि पुस्तके लिहिणाऱ्यांची यावरची तक्रार एकच : मजुराला पोटापुरते मिळाले की तो काम टाकतो, म्हणून मजुरी कमी ठेवा, धान्य महाग राहू द्या, भूक त्याला बरोबर कामावर आणील. आर्थर यंग यांच्यासारख्या शेतीच्या नामांकित अभ्यासकानेही १७७१ मध्ये हेच ठासून लिहिले होते. सुशिक्षित मंडळींना हे मत इतके उघड सत्य वाटे की त्याला पुरावा मागण्याची गरज कोणाला भासली नाही.

स्मिथ यांनी पुरावा मागितला. आधी त्यांनी कामाची रीत तपासली. नगावर मजुरी मिळणारा कारागीर आळशी नसतो; उलट तो इतके राबतो की काही वर्षांत शरीर खंगून जाते. लंडनमधला सुतार आठ वर्षांहून अधिक काळ पूर्ण ताकदीने टिकत नाही, अशी त्या काळची समजूत होती. इटालियन वैद्य रामात्सिनी यांनी निरनिराळ्या धंद्यांतल्या कारागिरांच्या रोगांवर एक सबंध पुस्तकच लिहिले होते आणि स्मिथ त्याचा दाखला देतात. सैनिकांना कोणी फारसे उद्योगी समजत नाही. पण त्यांना एखाद्या कामावर नगाप्रमाणे पैसे दिले की दिवसाची कमाई अमुक रकमेच्या वर जाऊ नये असे बंधन अधिकाऱ्यांना घालावे लागे, नाहीतर ते स्वतःला मारून घेत. आणि मग मालकांच्या तक्रारीचे उत्तर येते. चार दिवस बेभान मेहनत केल्यावर शरीर विश्रांती मागते आणि ती भुकेइतकीच अनावर असते. ती मिळाली नाही तर आजार जडतो, कधी जीव जातो. उरलेल्या तीन दिवसांचा जो आळस म्हणून डंका पिटला जातो, त्याचे मूळ पुष्कळदा त्या चार दिवसांच्या अतिश्रमात असते. म्हणून शहाण्या मालकाने कामगाराला पिटाळण्यापेक्षा बहुधा आवरायला हवे. बेताने, पण सतत काम करणाऱ्याची तब्येत टिकते आणि वर्षअखेरीस त्याच्या हातून कामही अधिक झालेले असते.

त्यानंतर त्यांनी मालकांचा दुसरा दावा तपासला : स्वस्ताईच्या वर्षी मजूर आळशी होतात आणि महागाईच्या वर्षी कष्टाळू. फ्रान्समधल्या मेसान्स या अधिकाऱ्याने एल्बफ आणि रूआँ इथल्या लोकरी, लिननच्या व रेशमी कापडाच्या उत्पादनाचे आकडे जमवले होते. त्यांवरून स्वस्ताईच्या वर्षीच काम अधिक झालेले दिसत होते. स्कॉटलंडचे लिननचे आणि यॉर्कशरचे लोकरीचे आकडे स्मिथ यांनी स्वतः पाहिले. १७४० च्या टंचाईत दोन्ही धंदे घसरले होते. पण १७५६ च्या टंचाईत स्कॉटलंडचे उत्पादन उलट चांगले वाढले. म्हणजे धान्याच्या भावाशी त्याचे नाते काहीच ठरेना. त्यांनी आपल्या बाजूचा आकडा फुगवला नाही. संबंध दिसत नाही, एवढेच म्हणून ते थांबले.

पण मग मालकांना स्वस्ताईत मजूर बिघडल्यासारखे का वाटत होते? स्मिथ यांचे उत्तर असे की स्वस्ताईच्या वर्षी गडी धन्याला सोडून स्वतःचा धंदा मांडतात आणि नोकरीतल्या मुली आईबापांकडे परततात. उरलेल्यांचा भाव वाढतो आणि ते पूर्वीइतके वाकत नाहीत. धन्याला अधिक नम्र चाकर मिळतात ते महागाईत, म्हणून त्याला महागाई उद्योगी वाटते. घरी गेलेल्या त्या मुली रिकाम्या बसलेल्या नसतात. त्या घरच्या कपड्यांसाठी सूत काततात. पण ते सूत बाजारात येत नाही, म्हणून सरकारी नोंदवहीत दिसत नाही, आणि वही पाहून बोलणाऱ्याला देश आळसावला असे वाटते. घरातल्या बायकांचे श्रम हिशेबात धरले जात नाहीत ही तक्रार आज आपण नवी समजतो. ती १७७६ च्या या ग्रंथात, ओझरती का होईना, आहे.

या सगळ्यात स्मिथ एकसारखे बोलतात असे नाही. पहिल्याच प्रकरणात एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना रेंगाळणाऱ्या खेड्यातल्या विणकराला त्यांनी सुस्त ठरवले आहे आणि कामाची विभागणी ही त्या सुस्तीवरची मात्रा म्हणून मांडली आहे. पाचव्या भागात मात्र तीच विभागणी माणसाला जन्मभर दोन-चार हालचालींत अडकवून त्याची बुद्धी कशी बोथट करते, याचे भयाण चित्र येते, आणि त्यावर उपाय म्हणून ते सरकारने गावोगाव शाळा काढाव्यात असे सुचवतात. दोन्ही पाने एकाच माणसाची आहेत. त्यांचा मेळ घालण्याची खटपट अभ्यासक अजून करत आहेत. कदाचित मेळ नसेलच.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ज्यांच्या घराण्यात आहे त्यांना हा वाद ओळखीचा वाटेल. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांच्या खाड्यांवर गिरणीमालकांची तक्रार कायमची होती : शिमग्याला जातो, पेरणीला जातो, परत कधी येईल सांगत नाही. सात दिवसांचा आठवडा आणि उजेड असेतो काम, ही बाजू त्या तक्रारीत नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली आणि १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. त्याच्या दोनच वर्षांनी न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले आणि विलायती अर्थशास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांना सरसकट लागू करण्यास हरकत घेतली. इथे श्रम आणि भांडवल एका जागेहून दुसरीकडे सहज वाहत नाहीत, हा त्यांचा एक मुद्दा होता. ते सहज वाहत नाहीत हे स्मिथ यांनी एडिनबराच्या दहा पेन्सांवरून दाखवलेच होते. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी ते गाळले.

१७७८ च्या आरंभी स्मिथ जकात आयुक्त झाले. पगार सहाशे पौंड. ड्यूकचे निवृत्तिवेतन आता सोडावे असे त्यांनी कळवले, पण ड्यूकने ते मान्य केले नाही. कॅननगेटमधले पॅनम्यूर हाउस घेतले. आई, आईकडच्या नात्यातली बहीण जॅनेट डग्लस आणि नात्यातला लहानगा डेव्हिड असे कुटुंब तिथे राहू लागले. मुक्त व्यापाराचा पुरस्कर्ता जकात वसूल करायला बसला हा विरोधाभास त्यांनाही जाणवला असणार. बंदी असलेल्या परदेशी मालाची यादी वाचताना आपले गळपट्टे, हातरुमाल, बाह्यांच्या झालरी बहुतेक त्याच यादीत बसतात हे ध्यानात येताच त्यांनी त्या जाळून टाकल्या.

आठवड्यातून चार दिवस मंडळाची बैठक असे. हातात फुलांचा गुच्छ, काठी खांद्याला लावलेली, ओठ हलताहेत, अशी ही मूर्ती कॅननगेटचा चढ चढून रॉयल एक्सचेंजकडे जाताना शहर रोज पाही. एकदा सही करायच्या कागदावर त्यांनी स्वतःच्या नावाऐवजी आधीच्या सहीचीच हुबेहूब नक्कल उतरवली, अशी कथा वॉल्टर स्कॉट सांगत. मन ठिकाणावर नसले तरी माणूस जागेवर असे. मंडळाच्या नोंदवह्यांवरून ते नेमाने हजर राहणाऱ्यांपैकी होते असे दिसते. ठरलेला पगार मिळणारा माणूस शक्य तितके कमी काम करतो हा त्यांचाच सिद्धान्त. तो त्यांनाच लागू पडला नाही.

या हजेरीची किंमत मात्र होती. नोकरीत लेखनाला खीळ बसते एवढीच खंत आहे, असे ते १७८० मध्ये एका स्नेह्याला कळवतात. साहित्याचा तात्त्विक इतिहास आणि कायदा व शासनाचा इतिहास असे दोन मोठे ग्रंथ मनात होते; दोन्ही राहिले. शुक्रवारी रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक आणि भूशास्त्रज्ञ जेम्स हटन यांच्याबरोबर ऑयस्टर क्लबात गप्पा, रविवारी पॅनम्यूर हाउसमध्ये मित्रांसाठी जेवण, आणि मधले दिवस जकातीचे. १७८४ मध्ये आई गेली, नव्वदीच्या घरात. त्यानंतर प्रकृती खालावत गेली. १७८८ च्या मार्चमध्ये त्यांनी मंडळाकडून चार महिन्यांची रजा घेतली. विश्रांतीसाठी नव्हे, तर ‘मॉरल सेंटिमेंट्स’ची नवी आवृत्ती सिद्ध करण्यासाठी, आणि त्या रजेत आपण अतिशय जोराने काम करत आहोत, असे त्यांनी प्रकाशकाला कळवले. मजुराला आवरा असे मालकांना सांगणाऱ्याला स्वतःला आवरणारे घरात आता कोणी उरले नव्हते. जॅनेटही त्याच वर्षी गेली.

ती आवृत्ती १७९० मध्ये निघाली. जुलैत, मृत्यूच्या काही दिवस आधी, त्यांनी ब्लॅक आणि हटन यांना बोलावून हस्तलिखितांच्या सोळा वह्या जाळायला लावल्या आणि ते झाल्यावरच त्यांना स्वस्थ वाटले. १७ जुलैला त्यांचे निधन झाले. घरापासून दोन मिनिटांवर कॅननगेटच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरले. ग्रंथसंग्रह आणि मालमत्ता डेव्हिड डग्लसकडे गेली. वर्षाला नऊशे पौंड मिळवणाऱ्या, साधे राहणाऱ्या, एकट्या माणसाच्या मानाने ती मालमत्ता लहान निघाली, तेव्हा मित्रांना नवल वाटले. मिळकतीचा मोठा हिस्सा ते कोणाला न सांगता गरजूंना देत आले होते, हे नंतर कळले.